आब्बांच्या नावाची फळी

७८६
लंडन, १४ ऑक्टोबर १९९७

प्रिय शमीमआपा हिला इरशादचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतचा सानियाच्या हाताचा ठसा मिळाला. चार वर्षांच्या पोरीचा एवढा मोठा पंजा म्हणजे तुझी लेक थेट आब्बांवर गेली. उद्या ब्रश धरेल बघ. दुल्हाभाईंना सलाम सांग.

आता बातमी, आणि ती बसून वाच. मी ज्या कंपनीच्या स्केटबोर्डवर स्पर्धा खेळतो, ती कंपनी माझ्या नावाची फळी काढणार आहे. तुला हा पोरखेळ वाटेल म्हणून समजावून सांगतो. इथे फळीवर उड्या मारणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. त्यांतल्या ज्याच्या नावाची फळी दुकानात येते तोच खरा धंदेवाईक. बाकी सगळे हौशी. तीन वर्षं बक्षिसं घेऊनही मी आजवर हौशीच. फळी निघाली की पगार सुरू होतो, आणि मुख्य म्हणजे कंपनी मला इथे राहण्याचा कागद करून देते. इमरानमामूच्या बेकरीच्या नावावर असलेला माझा परवाना १५ एप्रिलला संपतो, आणि बेकरी सोडल्यापासून मामू मला दारात उभा करत नाही. म्हणजे कंपनीचा कागद झाला तर मी उरलो, नाही तर संपलो. १५ मार्चच्या आत सही करायची आहे.

त्यात एक घोळ आहे. पहिल्या स्पर्धेचा फॉर्म भरताना मी शाळेच्या दाखल्यावर असतं तसं नाव लिहिलं होतं, मुलाणी इरशाद हाफिज. आपल्याला आडनाव आधी आणि बापाचं नाव शेवटी लिहायची सवय. इथे शेवटचं नाव तेच आडनाव, आणि त्याच नावाने माणसाला पुकारतात. तेव्हापासून सगळे मला हाफिज म्हणतात. मैदानात शंभर पोरं हाफिज, हाफिज ओरडतात आणि मला दर वेळी वाटतं आब्बा मागे उभे आहेत. तर फळीवर नाव येणार ते हाफिज.

दोन वर्षं झाली, आब्बांनी मला एक ओळ लिहिलेली नाही. मी बेकरीत काम करीन असा त्यांनी मामूला दिलेला शब्द मी मोडला, हे मला कबूल आहे. पण त्यांचं नाव लंडनच्या दुकानात लागणार म्हटल्यावर कदाचित ते बोलतील. फक्त एक गोष्ट मनाला खाते. नाव फळीच्या खालच्या अंगाला छापतात. वर काळा खरखरीत कागद, त्यावर आपले पाय. खाली नाव, आणि लोखंडी कठड्यावरून फळी घासत नेली की आधी तेच खरवडतं. हे आब्बांना कसं सांगायचं ते तू ठरव.

डावा गुडघा सुजतो. डॉक्टर वर्षभर थांब म्हणतो. मी थांबलो तरी कंपनी थांबणार नाही. सानियाचा दुसरा हातही पाठव. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
इरशाद


७८६
भोर, २९ ऑक्टोबर १९९७

चि. इरशाद यास शमीमआपाचे अनेक दुवा. इकडे सर्व खुशाल.

तुझ्या नावाची फळी निघणार हे वाचून आधी मला रडू आलं आणि मग पुढचं वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आब्बांना तू ओळखत नाहीस? वाटेत छापील कागदाचा कपटा दिसला तरी उचलून कपाळाला लावून भिंतीच्या फटीत ठेवणारा माणूस. चाळीस वर्षं भोरपासून घाटापर्यंतचे मैलाचे दगड रंगवले. दगडावर कुणी पोर बसलेलं दिसलं की काठी घेऊन शेतापर्यंत त्याच्यामागे धावतात. त्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू, की तुमचं नाव लेकाच्या पायाखाली घासलं जाणार आहे?

तुला गुडघ्याचं सांगायला आत्ता सुचलं. लहानपणी कपूरव्होळच्या गॅरेजमधून ट्रकची जुनी बेअरिंगं आणून, आब्बांचा रंगकामाला बसायचा पाट मोडून तू गाडी केलीस, तेव्हाच तुझे पाय बांधून ठेवायला हवे होते. हिर्डोशीच्या धोंडाबाई अजून विचारतात की त्यो उतारावरनं सुटनारा पोरगा जित्ता हाय का. मी त्यांना सांगते की जिवंत आहे आणि आता पगार घेऊन सुटतो. तशी तुला पहिल्यापासूनच सरळ बसायची सवय नाही. मोहरमला ताबूत बघायला सगळ्यांची पोरं बापाच्या खांद्यावर बसायची, तू मात्र उभा राहायचास. अम्मी खालून ओरडायची आणि आब्बा तुझे घोटे धरून चालत राहायचे.

तेव्हा मी त्यांना काही सांगणार नाही. तू कंपनीला सांगून नाव बदलून घे. इरशाद लिही, मुलाणी लिही, सरळ भोर लिही. पण आब्बांचं नाव तेवढं सोड. दिवाळी झाली की ते दगड रंगवायला निघतील. सकाळी डोकं धरून बसतात, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मी विचारलं तर माझ्यावरच खेकसतात.

सानियाचा दुसरा हात पाठवते आहे. त्यावर लागलेली हळद आहे, घाण नाही. आपाला विसरू नकोस.

तुझी,
शमीमआपा


७८६
लंडन, २० नोव्हेंबर १९९७

प्रिय आपा, सलाम. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून मी कंपनीच्या मालकाकडे दोनदा गेलो. माणूस वाईट नाही. तो म्हणतो की पोरं हाफिजची फळी मागतात, इरशाद कोण हे कुणाला ठाऊक आहे? नवं नाव रुळायला तीन वर्षं लागतील आणि तुझ्या गुडघ्यात तीन वर्षं शिल्लक आहेत का, असं त्याने मलाच विचारलं.

आपा, मी तुला आजवर चांगलं तेवढंच लिहिलं. आज खरं लिहितो. मला राहायला जागा नाही. आज या मित्राच्या जमिनीवर, उद्या त्या मित्राच्या. त्यामुळे पत्र मात्र बेकरीच्याच पत्त्यावर टाक. मामूची मुलगी शाहीन ते बाजूला काढून माझ्याकडे पोचवते. स्पर्धेच्या दिवशी सुई घेऊन गुडघा बधिर करतो आणि नंतर दोन दिवस भिंत धरून चालतो. चोवीस वर्षांचा झालो. मला पाव भाजता येत नाही, ब्रश धरता येत नाही. दुसरं काहीच येत नाही. एवढं एकच येतं, आणि तेही फार दिवस येणार नाही. ही फळी हातची गेली तर मी भोरला येऊन काय करू? आब्बांसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू?

सोबत फळीचं चित्र पाठवतो. काळ्या रंगावर पिवळी अक्षरं आहेत. फक्त तू बघ आणि ट्रंकेत ठेव. शेवटी आब्बांना सांगायचं की नाही हे तूच बघ. तू हो म्हटलंस तर सही करीन. मला तुझ्याशिवाय विचारायला कुणी नाही.

उत्तर लवकर दे. माझ्यासाठी दुवा माग.

तुझा,
इरशाद


७८६
भोर, १० डिसेंबर १९९७

चि. इरशाद यास अनेक दुवा.

तुझं पाकीट मिळालं. सध्या घाईत आहे, जास्त लिहीत नाही. आब्बा बरे आहेत. हात थोडा दुखतो म्हणून यंदा दगड रंगवायला जाणार नाहीत, बाकी काही नाही. तू इकडची काळजी करू नकोस. शेजारच्या सगुणाबाईंकडे फोन करू नकोस, त्यांचा फोन बंद आहे. चित्रं वगैरे यापुढे पाठवू नकोस.

गुडघ्याला जप. वेळेवर जेव. माझ्यावर राग धरू नकोस.

शमीमआपा


७८६
लंडन, ४ जानेवारी १९९८

आपा, सलाम.

तू मला खोटं लिहिलंस. काल दुपारी मामू नदीकाठच्या मैदानात आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी फळीवर होतो. मी थांबेपर्यंत तो कडेला टोपी हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला की तुझ्या बापाला लकवा झाला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, आज महिना झाला. त्याने सगुणाबाईंकडेच फोन केला होता. तो फोन बंद नाही.

तू मला का सांगितलं नाहीस? मी एवढा परका झालो का? उजवा हात गेला म्हणजे आब्बांचं उरलं काय? मामूला कारण माहीत नाही. मला मात्र तुझ्या त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचून एकच शंका येते. ते पाकीट आब्बांच्या हाती पडलं का? खरं सांग. तुला सानियाची शपथ आहे.

कागद होण्याआधी मी इथून निघालो तर पुन्हा येता येणार नाही. तरीही तू म्हणशील तर उद्या निघतो. लपवू नकोस. तुझ्या पाया पडतो.

इरशाद


७८६
भोर, २२ जानेवारी १९९८

चि. इरशाद यास दुवा.

शपथ घातलीस, आता सगळं लिहिते. वाचून मला शिव्या दे, पण पत्र टाकून देऊ नकोस.

२ डिसेंबरला मी बालवाडीत कामावर असताना पोस्टमन कुंडलिकने तुझं पाकीट आब्बांच्या हाती दिलं. परदेशी तिकीट बघून त्यांनी फोडलं. त्यांना इंग्रजी बोलता येत नसलं तरी दगडांवर आणि टेम्पोंवर इंग्रजी अक्षरं काढण्यात जन्म गेला. मी घरी आले तेव्हा चित्र त्यांच्या मांडीवर होतं. तुझं पत्रही वाचून झालं होतं. ते नेहमीसारखे जेवले आणि झोपले. सकाळी मला न सांगता रंगाचे डबे घेऊन पहिल्या एसटीने हिर्डोशीला गेले. दुपारी धोंडाबाईंचा मुलगा त्यांना जीपमध्ये घालून घेऊन आला. दगडापाशी आडवे पडलेले सापडले. हातात ब्रश तसाच होता. पुण्याला नेलं. वीस दिवस तिथे काढले; तुला त्या चार ओळीही तिथूनच, वर भोर घालून लिहिल्या. जीव वाचला, पण उजवा हात लाकडासारखा झाला आहे आणि तोंडातून नुसता आवाज येतो.

माझीच चूक आहे. पोस्टात सांगून ठेवायचं मला सुचलं नाही. रोज उठल्यावर पहिलं हेच मनात येतं.

आता जे लिहिते ते लिहू की नको, असं आठ दिवस करते आहे. तुझं नाव निघालं की ते अस्वस्थ होतात आणि डाव्या हाताने उजवा खांदा बडवत राहतात. दुखत असेल म्हणून मी रोज तिळाचं तेल चोळते, तर हात झिडकारतात. परवा मी बालवाडीतली पाटी आणून दिली. डाव्या हाताने वेडंवाकडं का होईना, त्यांनी आपलं नाव लिहिलं. मग खूण करून पाटी खाली ठेवायला लावली, आणि त्यावर आपला पाय ठेवला. माझ्याकडे बघत पाय दाबला. पुन्हा खांदा बडवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इरशाद, मी काय समजायचं ते समजले. पोराने माझं नाव असं तुडवलं, आणि त्यानेच माझा हा हात गेला, हेच ते मला सांगत होते.

तू येऊ नकोस. येऊन त्यांचा हात परत येणार नाही आणि तुझी रोजी मात्र जाईल. सही करू नकोस असंही माझ्याने लिहवत नाही. पण जमलं तर ते नाव काढून घे रे. मालकाच्या हातापाया पड. मी एकीकडे बापाला बघते, एकीकडे तुला, आणि माझं काही चालत नाही. माझ्या चुकीची शिक्षा तू भोगू नयेस एवढंच मागते.

तुझी अभागी,
शमीमआपा


७८६
भोर, ९ मार्च १९९८

चि. इरशाद यास अनेक अनेक दुवा.

आब्बा बोलले! हे पत्र त्यांचं आहे. मी फक्त लिहून घेतलं. दिवसाला दोन-चार वाक्यं, तीही मोडकीतोडकी. तोंड दुखलं की हाताने थांब म्हणायचे. पुरं व्हायला पाच दिवस लागले. मी म्हटलं होतं की आहे तेवढंच धाडते, पण अर्धं पत्र धाडायचं नाही म्हणून हटून बसले. तुझा फोन नंबर नाही आणि मामूंचा लागत नाही.

हे कसं घडलं ते आधी लिहिते. १ तारखेला ते पुन्हा खांदा बडवत होते. मी तेलाची वाटी आणायला आत गेले. सानिया तिथे खेळत होती. तिला वाटलं नाना आपल्याला बोलावतात. ती पलंगावर चढली आणि त्यांच्या खांद्यावर पाय देऊन भिंत धरून उभी राहिली. मी ओरडत धावले, तर आब्बांनी डाव्या हाताने तिचा घोटा धरून ठेवला. रडत होते आणि हसतही होते. आणि तोंडातून स्पष्ट शब्द आला, इरशाद. आता पुढे त्यांचं ऐक. त्यांच्याच शब्दांत लिहिलं आहे.

पोरा इरशाद, तुला हाफिज मुलाणीचे दुवा. म्या रागावलो न्हाई. तुजी भैन खुळी हाय. पाटीवर पाय ठिवून दावलं तरी तिला कळंना, आनि तेल चोळून चोळून माजा खांदा सोलून काडला.

तुजं चित्र म्या बगितलं. लई बरं वाटलं. आविष्यभर दुसऱ्याची नावं लिवली. माजं नाव कुनी लिवलेलं त्या दिशी पयल्यांदा बगितलं. अक्षर चांगलं हाय, पन एफची आडवी काठी खाली आलीया. मालकाला सांग.

दुसऱ्या दिशी हिर्डोशीला गेलो त्ये रागानं न्हाई. त्या दिशी हात लई खुशीत हुता. घरात बसवंना. डोकं वरीसभर दुकत हुतं, कुनाला बोललो न्हाई, ही चूक माजी. तुज्या फळीचा त्यात काय बी दोस न्हाई.

दगडावर बसनारी पोरं म्या हाकलायचो, ते नावाला बूड लागतं म्हनून न्हाई. रंग वला आसायचा म्हनून. कागदाचं म्हनशील, तर कागद टाकून दिलेला आसतो. दगडावरचं नाव तसं न्हाई, त्ये कामावर आसतं. त्याच्या अंगावर गाडीचा चिखूल उडतो, बैल अंग घासतो. झिजतं. झिजलं की आमी पुन्यांदा रंगवतो. धंदाच त्यो हाय आमचा.

मोहरमात माज्या खांद्यावर हुबा ऱ्हायचास. तवा तुजे पाय लागून माजं काय कमी झालं? माज्या दोन्ही खांद्यांस्नी अजून याद हाय. तसाच नावावर हुबा ऱ्हा. घाबरू नगं. पडलास तर खाली म्या हायच.

आब्बांचं एवढंच, इरशाद. सही कर. आजच रजिस्टरने टाकते. नीट न समजून घेता मी तुला जे लिहिलं त्याबद्दल मला माफ कर. इतक्या महिन्यांनी आज पोटभर जेवले. तू सुखी राहा.

तुझी,
शमीमआपा


७८६
लंडन, १२ मार्च १९९८

प्रिय आपा, सलाम. वि. वि.

आज सकाळी कंपनीत जाऊन नको म्हणून आलो.

तुझं जानेवारीचं पत्र आल्यापासून हेच चाललं होतं. दर वेळी फळीवर पाय ठेवला की मला पाटी दिसायची. गेल्या महिन्यात नमुन्याची पहिली फळी तयार होऊन आली. मालकाने ती माझ्या हातात दिली. मी उलटी करून नाव बघितलं आणि आब्बा दगडापाशी पडलेले दिसले. ज्या हाताने त्यांनी आयुष्यभर नावं उभी केली तो हात माझ्या पायी गेला. त्यावर मी पगार कसा खाऊ? नाव बदलायला तो तयार नाही, आणि नावासकट मला ती नको. मी सही केली नाही.

मालकाला वाटलं मी जास्त पैसे मागतो आहे. मी म्हटलं की आमच्याकडे बापाच्या नावावर पाय देत नाहीत. त्याने खांदे उडवले. माझ्या जागी दुसरा मुलगा उद्याच सही करणार आहे.

आब्बांना एवढं सांग की इरशादने तुमचं नाव उचलून कपाळाला लावलं. ऐकून तरी खांदा बडवायचे थांबतील. पुढे काय ते माहीत नाही. आज काही सुचत नाही. तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे.

इरशाद


७८६
लंडन, २८ मार्च १९९८

प्रिय आपा, सलाम.

तुझं रजिस्टर पत्र १६ तारखेला मिळालं. बेकरीच्या मागच्या पायरीवर बसून वाचलं. शाहीन पाव घेऊन आली आणि मला बघून परत आत गेली. मग मी गुडघ्याची पर्वा न करता कंपनीपर्यंत धावत गेलो. दुसऱ्या मुलाची सही १३ तारखेलाच झाली होती. मालकाने माझं सगळं ऐकून घेतलं. मी त्याला आब्बांचं पत्र इंग्रजीत सांगितलं, एफच्या काठीसकट. त्याने चष्मा काढून ठेवला. पण झालेली सही पुसता येत नाही म्हणाला. जाताना नमुन्याची ती एकच फळी त्याने मला दिली. तशी दुसरी आता निघणार नाही.

आपा, चार दिवस. आब्बांना बोलायला पाच दिवस लागले, नाही तर पत्र वेळेत आलं असतं. हे त्यांना कधीही कळता कामा नये. माझं १२ तारखेचं पत्र वाचून दाखवलं नसशील तर चुलीत घाल. दाखवलं असशील तर सांग की ते चुकीचं होतं, नंतर सगळं जमलं. तू स्वतःलाही बोल लावू नकोस. तू जे बघितलंस तेच लिहिलंस, आणि तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच समजलो असतो. आपण दोघं त्यांना इतके घाबरत आलो, की ते कधी खूशही होतील हे आपल्याला सुचलंच नाही. याचंच मला फार वाईट वाटतं. फळी गेली त्याहून जास्त.

मी येतो आहे. १२ एप्रिलचं विमान आहे. तिकीट मामूने काढलं. आब्बांना आपण असं सांगायचं की सही केली, नावाची फळी निघाली, इरशाद तिच्यावर उभा राहिला, आणि मग गुडघ्याने दगा दिला म्हणून परत आला. गुडघ्याचं खरं आहेच. तुला खोटं बोलायचं जिवावर येईल, पण आता ते एकट्या माझ्यासाठी नाही, आब्बांसाठी आहे.

एक अडचण होती. फळी कोरी होती. काळ्या रंगावर पिवळं हाफिज, एक ओरखडा नाही. ब्रश रंगात बुडाला आहे की नाही हे जो माणूस लांबून ओळखतो, तो कोरी फळी ओळखणार नाही का? हातात घेताक्षणी समजेल की पोरगं यावर कधी उभंच राहिलं नाही.

म्हणून आज सकाळी नदीकाठच्या मैदानात गेलो. गुडघा फडक्याने आवळून बांधला. सुई घ्यायला पैसे नव्हते, तसाच चढलो. पहिल्यांदा पाय ठेवताना आब्बांना सलाम केला. तिथे अकरा पायऱ्यांचा लोखंडी कठडा आहे. पूर्वी तो मी डोळे मिटून उतरायचो. आज पहिल्या वेळी पडलो. दुसऱ्या वेळी कोपर फुटलं. किती वेळा पडलो ते मोजलं नाही. लहान पोरं खेळ थांबवून बघत होती. त्यातलं एक हाफिज म्हणून ओरडलं आणि मग सगळीच ओरडायला लागली. मी रडत होतो, आपा, आणि पुन्हा पायऱ्या चढत होतो. शेवटी एकदा फळी कठड्यावर बसली आणि खालपर्यंत नावावरून करकरत गेली. मी खाली आलो तेव्हा उभा होतो. पडलो नाही.

आता चांगली घासली आहे. पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर उरलं आहे, मधलं लाकूड दिसतं. आब्बांना आवडेल.

बाजारातून पिवळ्या रंगाची लहान डबी आणून ठेव, आणि आब्बांचा बारीक ब्रश तेलात भिजत घाल. कडक झाला असेल. त्यांना सांग, नाव झिजलं आहे, पुन्हा रंगवायचं आहे. हात माझा असेल, काठी कुठे घ्यायची ते त्यांनी सांगावं.

सानियाला म्हणावं, इरशादमामू येईपर्यंत खांद्यावरून उतरू नकोस.

तुझा भाऊ,
इरशाद हाफिज